चालायला रस्ताही हवा



शुगर, बीपी निघालं की दवाखान्यात सांगतात, रोज चाला. आमचा प्रश्न आहे, वस्तीतल्या बाईनं चालायचं कुठं?

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. पुढे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकलं. म्हणजे आपल्या बीडच्या पांदणी काही कमी नाहीत. पण जी पांदण पोराला मोकळी, तीच पोरीला अंधारी आणि भीतीची.

तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले. आजार कमी होणं आणि खाल्लेलं पचणं हे त्यातलेच. रोज तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस भरभर चाललं तरी पुरे.

म्हणून आम्ही म्हणतो, चालणं ही एकट्या बाईची जबाबदारी नाही. येत्या ग्रामसभेत विहारापासून पांदणीपर्यंत दिव्यांचा ठराव मागा. तोवर पाच-सहा जणी मिळून निघा, पोरींनाही सोबत घ्या. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.

रस्ता सगळ्यांचा आहे. त्यावर आपलीही पावलं उमटू द्या.