वायफायचे पाणी कुठे मुरते?



गेल्या काही वर्षांत खेड्यातल्या घरोघरी वायफाय आले. बाजारभाव, सातबारा, विम्याचा अर्ज, मुलांचा अभ्यास, सारे त्यावर चालते. त्याबरोबर घरात एक नवे भांडणही आले. वेग मंदावला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आमच्याच घरी हे घडले, म्हणून आज तेच सांगतो.

माझी थोरली पुतणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. रात्री आठला तिचा वर्ग मोबाइलवर भरतो. चैत्रापासून तो अडखळू लागला. गुरुजींचे तोंड हलायचे, आवाज मागून यायचा, मग नुसते चक्र फिरत राहायचे. इकडे सोप्यावर दादांनाही बातम्या नीट दिसेनात. दादा म्हणाले, "ही पोरगी दिवसभर मोबाइल बघते. मग नेट उरणार कुठून?" आणि रात्री तिचा मोबाइल कपाटात जाऊ लागला. मीही काही बोललो नाही. पोरगी आठ दिवस शेजारच्या मावशींच्या ओट्यावर, त्यांच्या सुनेच्या मोबाइलवर वर्ग बघत होती. नवव्या दिवशी मला म्हणाली, "काका, गव्हाची कोठी आणली तेव्हापासून हे असं झालंय. एकदा बघता का?"

मग मी बघायला बसलो. विहिरीत पाणी असून शेवटच्या वाफ्याला पोचत नसेल तर आपण काय करतो? आधी विहीर बघतो, मग मोटार, मग पाइप, मग पाट. कुठे मुरते ते सापडेपर्यंत पाटाच्या कडेने चालतो. वायफायचेही तसेच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मोजायचे आणि वहीत लिहायचे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

मोजणे सोपे आहे. वेग मोजण्याची फुकट सोय मोबाइलवर मिळते. मोजताना सिमचा डेटा मात्र बंद ठेवा. नाहीतर वायफाय कमी पडले की मोबाइल गुपचूप सिमवर जातो आणि आपण भलताच आकडा लिहून घेतो. आणखी एक ध्यानात ठेवा. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, आणि फाइल आपण मेगाबाइटमध्ये मोजतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला ५ मेगाबाइटच उतरणार. त्यात फसवणूक नाही, माप वेगळे आहे.

पहिली पाहणी विहिरीची. घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्ही बंद करून राउटरपासून चार हातांवर उभे राहून मोजा. लॅपटॉप असेल तर राउटरला वायर लावून मोजा, ते अधिक खरे. सकाळी एकदा, रात्री एकदा. दोन्ही वेळा आकडा फारच कमी आला तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत असू शकतो. महिन्याचा ठरलेला डेटा संपला की पुष्कळ योजनांत वेग आपोआप उतरतो, तेही विचारा. फायबरची तार काचेची असते. ती खिळ्याला करकचून वाकवली असेल तर आतला प्रकाश गळतो. डब्यावर लाल दिवा लागला असेल तर स्वतः काही उघडू नका, जोडणीवाल्याला बोलवा. तुमचे राउटर सिमकार्डावर चालत असेल तर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवून बघा. संध्याकाळी सारा गाव त्याच टॉवरवर असतो, म्हणून तेव्हाचा आकडा कमी येणे साहजिक आहे.

आमची जोडणी ४० ची. राउटरजवळ ३६ आले. माडीवर, पोरीच्या खोलीत, २ आले. म्हणजे विहीर भरलेली होती, पाणी वाटेत मुरत होते.

दुसरी पाहणी वाटेची. आमचे राउटर माजघरात प्लग होता तिथे, जमिनीपासून हातभर उंचीवर. चैत्रात गहू आला, आणि पत्र्याची कोठी आम्ही नेमकी त्याच्यापुढे उभी केली. पत्रा या लहरींना पुढे जाऊच देत नाही, परतवून लावतो. पाणी त्या शोषून घेते, म्हणून पाण्याच्या टाकीमागेही राउटर नको. मातीची दोन हात जाडीची भिंत उन्हाळ्यात घर गार ठेवते, पण वायफायला ती जड जाते. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, यांच्या आडही ठेवू नका. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या वर, मोकळ्यावर असावे. आम्ही लांब वायर घेऊन ते जिन्याजवळच्या फळीवर नेले. माडीवर २ चे १८ झाले. खर्च वायरीचा तेवढा.

राउटर दोन पट्ट्यांचे असेल तर वायफायची दोन नावे दिसतात. त्यातल्या एकापुढे पुष्कळदा ५जी लिहिलेले असते. तो मोबाइल कंपनीचा ५जी नव्हे. ती ५ गिगाहर्ट्झची पट्टी. तिचा वेग जास्त, पण पल्ला कमी. भिंत आली की ती दमते. दुसरी २.४ गिगाहर्ट्झची. ती लांब जाते, भिंतीतूनही बरी जाते, पण तिच्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथ, चालू असलेला मायक्रोवेव्ह, सारे त्याच पट्टीवर. जवळ बसणाऱ्याने पहिली घ्यावी, लांबच्याने दुसरी. शेजाऱ्यांची वायफाय फार असतील तर २.४ च्या पट्टीसाठी १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनल जोडणीवाल्याकडून लावून घ्या. हे तीन एकमेकांच्या बांधावर येत नाहीत.

तिसरी पाहणी उपशाची. माडीवर १८ आले तरी रात्री आठच्या सुमारास आकडा पुन्हा ३-४ वर उतरायचा. मग मी राउटरच्या यादीत कोण कोण जोडलेले आहे ते पाहिले. सापडले ते असे: दादांचा मोबाइल चार्जिंगला लागला की दिवसभरात आलेले सगळे व्हिडिओ आणि फोटो आपोआप वर साठवायला लागायचा. गोठ्यातला कॅमेराही सारखे चित्र वर पाठवत होता. वर जाणारी वाट तुंबली की खाली येणारेही अडखळते, कारण आपली मागणीच वेळेवर वर पोचत नाही. आम्ही मोबाइलचे साठवणे पहाटेवर टाकले, आणि कॅमेऱ्याचे चित्र त्यातल्याच कार्डावर राहील असे केले. यादीत अनोळखी नाव दिसले तर पासवर्ड बदला. गावाचे किंवा मुलाचे नाव पासवर्डला ठेवू नका, ते सगळ्यांना ठाऊक असते.

चौथी पाहणी मोबाइलची. एकाच जागी एक मोबाइल जलद आणि दुसरा मंद चालत असेल तर दोष वायफायचा नाही. मोबाइल जुना असेल, किंवा त्यातली जागा भरली असेल.

इतके करूनही लांबच्या खोलीत पोचत नसेल तरच वेग पुढे ढकलणारे यंत्र घ्या. ते जिथे वायफाय पोचत नाही तिथे लावू नका. जिथवर नीट पोचते तिथे, मधल्या वाटेवर लावा. कोरड्या पाटावर मोटार बसवून काय उपयोग? स्वस्त यंत्र वेग निम्म्यावर आणते, हेही जाणून घ्या. त्यापेक्षा वायर नेता आली तर उत्तम. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते.

विजेचेही सांगतो. आपल्याकडे लाइट येते-जाते, आणि प्रत्येक वेळी राउटर नव्याने सुरू होते. त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट बघूनच तो घ्या. आभाळ गडगडू लागले की प्लग काढून ठेवा आणि बाहेरून आलेली तांब्याची वायरही सोडवा.

असो. हे सगळे झाल्यावर मी वही दादांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले. पोरीच्या वर्गाला किती लागत होते, तेही मी लिहिले होते: २ पेक्षाही कमी. दादा काही बोलले नाहीत. उठले, कपाट उघडले आणि मोबाइल तिच्या हातात दिला. त्या रात्री वर्ग संपेपर्यंत त्यांनी बातम्या लावल्या नाहीत.

मला मात्र एक चुटपुट राहिली आहे. कोठी कधी आली आणि वर्ग कधी अडखळू लागला, हे त्या पोरीच्या ध्यानात पहिल्यापासून होते. आम्ही तिला दोष दिला, पण विचारले नाही. तुमच्या घरी वेग मंदावला तर यंत्राकडे जाण्याआधी जो रोज वापरतो त्याला विचारा, "कधीपासून असं होतंय?" निम्मे उत्तर तिथेच मिळते.