छिद्र लहान, ऑपरेशन मोठेच



'पोट फाडावे लागेल' एवढे शब्द कानावर पडले की घरातल्या कर्त्या माणसाचेही अवसान गळते. मग ऑपरेशन पुढे ढकलायला कारणे सापडतात. सुगी होऊ द्या, पोरीचे लग्न उरकू द्या, ऊस एकदा कारखान्याला जाऊ द्या. दुर्बिणीतून पित्ताशयाचे खडे काढल्याचे तुम्ही ऐकले असेल. मोठ्या आतड्याचे ऑपरेशनही तसेच करता येते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून आज त्याविषयी.

मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते. ते पोटाच्या उजव्या बाजूला खाली सुरू होते, वर चढते, आडवे डावीकडे जाते आणि खाली उतरून गुदद्वाराशी संपते. त्यात कर्करोगाची गाठ झाली, क्षयाने वाट अरुंद झाली, किंवा भिंतीला बारीक पिशव्या येऊन त्या वारंवार सुजू लागल्या, तर तेवढा तुकडा काढून टाकण्याची वेळ येऊ शकते.

रोग्याला पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ छिद्र पाडून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे पोट तंबूसारखे वर उचलले जाते आणि आत काम करायला जागा होते. हाच वायू का? तो पेट घेत नाही, आणि उरलासुरला रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो. पाच ते बारा मिलिमीटरच्या चार-पाच छिद्रांतून कॅमेरा व लांब दांड्यांची हत्यारे आत जातात. सर्जन पडद्यावर पाहून आतडे सोडवतो, रक्तवाहिन्या बंद करतो. शेवटी दोन-तीन इंचांचा एक छेद घेऊन रोगट तुकडा बाहेर काढावाच लागतो. तेव्हा 'बिनटाक्याचे ऑपरेशन' असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

राहिलेली दोन तोंडे मग सांधतात. पाइपलाइनचा फुटका तुकडा कापून जोड बसवावा, तसेच हे. जोड कुठे गळतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. आतड्याचा जोडही क्वचित गळतो, आणि दुर्बिणीने केले म्हणून तो धोका टळत नाही. घरी आल्यावर ताप, वाढती पोटदुखी किंवा पोटफुगी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. खांदा मात्र दोन दिवस दुखला तर घाबरू नका. वायूने पोटाचा पडदा ताणला जातो, त्याची ती कळ असते.

ही विद्या फार जुनी नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी १९९० साली पित्ताशय अशा रीतीने काढले. त्याच वर्षी अमेरिकेत मायामी येथे डॉ. मोइसेस जेकब्स यांनी मोठ्या आतड्याचा भाग दुर्बिणीच्या साहाय्याने काढला. पण कर्करोगात ही पद्धत वापरावी का, याबद्दल बरीच वर्षे शंका होती. छिद्रांतून रोग पसरेल अशी भीती. अमेरिकेत व कॅनडात ४८ रुग्णालयांतील ८७२ रोग्यांवर तुलना झाली व निष्कर्ष २००४ साली आला. तीन वर्षांत रोग उलटल्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात शेकडा १६, तर पोट उघडलेल्या गटात १८ होते. म्हणजे फरक असा नाहीच. रुग्णालयातला मुक्काम सहा दिवसांऐवजी पाच. पण दुर्बिणीने सुरू केलेल्या पाचांपैकी एकाचे पोट शेवटी उघडावेच लागले. तसे झाले तर सर्जन चुकला असे समजू नये. आत चिकटा असला किंवा रक्तस्राव झाला, तर पोट उघडणे हेच शहाणपण.

आता खरी मेख. दुर्बिणीची ही सोय बहुधा वेळेवर आलेल्यालाच मिळते. आतडे पूर्ण अडले, पोट टम्म फुगले, उलट्या लागल्या, की आत हत्यार फिरवायला जागा उरत नाही. मग मोठा छेद, आणि पुष्कळदा पोटावर शौचाची पिशवी, हाच मार्ग. असे रोगी सहा-सहा महिने मूळव्याधीचे औषध घेत बसलेले असतात! शौचावाटे रक्त पडले की ती मूळव्याधच, हे घरीच ठरवू नका. मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला असू शकते. शौचाची सवय तीन-चार आठवडे बदललेली राहणे, वजन उतरणे, आणि चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचे रक्त कारण नसता कमी होणे, याही खुणाच. उजव्या बाजूच्या गाठीत रक्त डोळ्यांना दिसत नाही. माणूस नुसता पांढराफटक पडतो, बांधापर्यंत चालताना धाप लागते. अशा वेळी गुदमार्गातून दुर्बीण घालून आतडे तपासतात. तिला लाजू नये. बायाबापड्या तर हे दुखणे नवऱ्यालाही सांगत नाहीत, त्यांना घरातल्या सुनेने किंवा लेकीने विचारावे.

खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा. आपले ऑपरेशन योजनेत बसते का, दुर्बिणीने केले तर वेगळे पैसे पडतील का, हे भरती होण्यापूर्वी विचारा. सर्जनलाही विचारा, आतड्याची अशी ऑपरेशने तुम्ही नेहमी करता का? असे विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

ऑपरेशननंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी चालवतात. छिद्रे लवकर भरतात, म्हणून माणूस आठवड्यात खताची गोणी उचलायला निघतो. सुमारे सहा आठवडे गोणी नको, भरली घागर नको, नांगरही नको. आणि काढलेल्या तुकड्याचा तपासणी अहवाल मागून घ्या. पुढे औषधोपचार लागतील की नाही, हे त्यावरच ठरते. तो कागद सातबाऱ्याच्या कागदांबरोबर पेटीत ठेवा.