विश्लेषण : उसाच्या ट्रॉलीमागे अंधार का?

गाळप हंगाम सुरू झाला, की पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील रस्त्यांवर रात्री एक दृश्य ठरलेले असते. ट्रॅक्टरला पुढे झगझगीत दिवे, डेकवर मोठ्या आवाजात गाणी आणि मागे उसाने गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या, त्याही अंधारात. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावर. अशा धडकांत माणसे दगावतात. चर्चा मात्र दुचाकीच्या वेगाची होते, ट्रॉलीच्या दिव्यांची नाही.

नियम काय सांगतो?
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ नुसार वळण्याचा इशारा देणारा दिवा पिवळसर नारिंगी हवा आणि तो मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करणारा हवा. ब्रेक दाबताच मागे लाल दिवा लागला पाहिजे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत वाहनाचे दिवे सुरू ठेवणे बंधनकारक आहे.

ट्रॉलीला हे लागू होते का?
होते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मोटार वाहना’च्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. शिवाय ट्रॅक्टरचे मागचे दिवे उसाआड झाकले जातात. त्यामुळे ब्रेक आणि इंडिकेटर शेवटच्या ट्रॉलीवर दिसले नाहीत, तर ते असून नसल्यासारखेच.

रिफ्लेक्टर पुरेसा नाही का?
हंगामाच्या सुरुवातीला पोलीस आणि आरटीओ रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. ती हवीच, पण रिफ्लेक्टर समोरून पडलेला प्रकाश परत पाठवतो, एवढेच. चिखल बसला किंवा मागे लोंबणाऱ्या उसाने झाकला, की तोही निकामी होतो. ट्रॉली थांबते आहे की शेताकडे वळते आहे, हे तो सांगू शकत नाही. ताशी ६० किलोमीटरने येणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. चालकाला सावरायला वेळ मिळतो तो या दिव्यांमुळेच.

जबाबदार कोण?
दंडाची पावती बहुधा चालकाच्या हाती पडते. कायद्याचे कलम १९० मात्र चालकापाशी थांबत नाही. धोकादायक दोष असलेले वाहन किंवा ट्रेलर चालवणारा, तो चालवायला लावणारा आणि चालवू देणारा असे तिघेही त्यात येतात. दोष माहीत नव्हता, ही सबब साधी काळजी घेतली असती तर तो कळला असता, अशा वेळी चालत नाही. दंड १,५०० रुपये आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणी जखमी झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मग करायचे काय?
ट्रॅक्टरमालकांची अडचण खोटी नाही. शेतातल्या खाचखळग्यांत वायर तुटते, ट्रॉली बदलताना जोड निघतो, बल्ब फुटतो. पण वायर, सॉकेट आणि बल्बचा खर्च ट्रॅक्टरच्या हप्त्यापुढे किरकोळ आहे. डेकची वायर मात्र कधी तुटलेली राहत नाही!

रस्त्यावर एकेक ट्रॉली अडवणे पोलिसांना शक्य नाही. कारखान्याला ते शक्य आहे, कारण प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर येतेच. आधी भरलेली, मग रिकामी. तिथे दोन मिनिटे ब्रेक आणि इंडिकेटर तपासता येतील. भरलेल्या ट्रॉलीचे दिवे उसाआड गेले आहेत का, हेही तिथेच कळेल. दिवे बंद असतील तर दुरुस्ती होईपर्यंत पुढची खेप नाही, एवढी एकच अट करारात घातली, तर जे मोहिमांनी साधले नाही ते एका हंगामात साधेल.

उसाच्या वजनात किलोचाही फरक पडू नये म्हणून काट्यावर जेवढी नजर असते, तेवढी ट्रॉलीच्या मागच्या दोन लाल दिव्यांवरही असायला हवी.