मोठी खोली कोटाला मिळत नाही

आमच्या कुहीत एक जाणकार आहेत. नागपूरच्या एका हॉटेलात त्यांना साध्या खोलीच्या पैशात मोठी खोली मिळाली, आणि तेव्हापासून त्यांचा सिद्धांत तयार आहे: हॉटेलवाले माणूस ओळखतात. कोट घाला, दोन इंग्रजी वाक्यं फेका, वरची खोली चालून येते; धोतर-टोपीला कोण विचारतो? म्हणजे अपग्रेड हा यांच्या व्यक्तिमत्त्वाचा सत्कार. शाल-नारळ तेवढा राहिला.

आता रेल्वेचंच बघा. तिच्याकडे अपग्रेडची योजना 2006 पासून आहे. चार्ट बनताना वरच्या वर्गात बर्थ रिकामे दिसले, की खालच्या वर्गातल्या पूर्ण भाडं भरलेल्या प्रवाशाला जादा पैसे न घेता तिथे पाठवतात आणि त्याचा बर्थ वेटिंगवाल्याला देतात. निवड संगणक करतो. त्याला कोट दिसत नाही, इंग्रजी ऐकू येत नाही. तरी स्लीपरचं तिकीट काढलेला माणूस एसीत झोपतो. जाणकार म्हणतात, रेल्वे सरकारी, तिचं वेगळं. वेगळं कसं? गाडी सुटली की रिकामा बर्थ वाया, रात्र सरली की रिकामी खोली वाया.

नागपुरात लग्नसराईत, विधिमंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनात स्वस्त खोल्यांवर उड्या पडतात. काही बुकिंगं रद्द होणारच, म्हणून हॉटेलं त्या खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतात. सगळेच आले, की कुणाला तरी वर चढवावं लागतं. कुणाला? सुइटचे पैसे मोजू शकणाऱ्याला फुकट दिलं तर विक्री बुडते. साध्या माणसाने सुइट घेतलाच नसता, म्हणून त्याला देण्यात तोटा नाही. साधेपणा हीच इथली पात्रता! त्यातही एका रात्रीचा पाहुणा सोयीचा. सकाळी खोली पुन्हा विकायला मोकळी.

अपग्रेडला पाहुणचार मानणाऱ्या 'अतिथी देवो भव'वाल्यांना एवढंच विचारतो: हॉटेल तुडुंब असतं तेव्हा हा देव कुठे जातो?

माझं म्हणणं छोटंसं आहे. संकोच न करता विचारा: "वरची खोली रिकामी असेल तर पाहता का?" मेंबरशिप कार्डवाले तुमच्या आधी असतील, कारण ते वारंवार पैसे मोजतात. नकार मिळाला तर बहुधा खोल्या भरल्या असतील, धोतराचा त्यात संबंध नाही. आणि मिळालीच तर नाश्ता बुकिंगमध्ये आहे का ते आधी विचारून घ्या. खोली वाढली म्हणून तो फुकट होत नाही.