चंदेरी रंग आणि मूळ पाठ

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण फार सहज, आणि बहुधा कौतुकाने, वापरतो. ज्या वस्तूचा उद्धार झाला ती वस्तू उद्धारानंतर उरली का, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही ते येथे विचारणार आहोत. आणि तेही देवळाच्या किंवा पोथीच्या नव्हे, तर एका अमेरिकन मोटारीच्या चाकांच्या संदर्भात. वाङ्मयाच्या अध्यापकांनी १९६९ सालच्या शेव्हरोले कॅमेरोच्या चाकांवर लिहावे, याचे काही सुज्ञांना हसू येईल. त्यांनी जरूर हसावे. पण मूळ पाठ कोणता आणि ‘सुधारलेला’ पाठ मूळ म्हणून खपवणे कितपत क्षम्य, या वादात आमच्या विद्याशाखेची हयात गेली आहे. तोच वाद दुसऱ्या अंगणात आणि खूप जास्त पैशांनिशी चालू असेल, तर तिकडे पाठ फिरवणे हा सोवळेपणा झाला.

आधी वस्तू पाहू. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून अमेरिकेत ज्या मोटारींना ‘मसल कार’ म्हटले जाऊ लागले, त्यांचे सूत्र साधे होते : सामान्य घरातल्या तरुणाला परवडेल अशी गाडी आणि तिच्यात वाजवीपेक्षा कितीतरी मोठे इंजिन. (कॅमेरोला काटेकोर वर्गीकरणकार वेगळ्या खान्यात टाकतात, आम्ही तो वाद त्यांनाच बहाल करतो.) या गाड्यांना जास्तीचे पैसे मोजून ‘रॅली’ चाके घेता येत. पाच झरोक्यांची पोलादी तबकडी, तिच्यावर चंदेरी रंग, कडेला स्टेनलेस स्टीलचे झळकते कडे, मध्ये टोपण. चकाकी होती ती कड्याला आणि टोपणाला. तबकडीचा रंग शांत, किंचित मंद. अमेरिकन कारखान्यांच्या भाषेत अशा रंगाला ‘आर्जंट’ म्हणत. हा शब्द युरोपातल्या राजघराण्यांच्या ढालींवरच्या चिन्हभाषेत रुळलेला, मूळ लॅटिन ‘अर्जेंटुम’. आणि आपला ‘रजत’ त्याच प्राचीन धातूपासून आलेला. कामगाराच्या मुलाने हप्त्यांवर घेतलेल्या गाडीच्या पत्र्याला सरदारांच्या ढालीचा रंग! जाहिरातदारांच्या या विनोदाला आम्ही मनापासून दाद देतो.

या रंगाचे पुढे काय झाले? पारदर्शक चकाकीचा वेगळा थर वर चढवण्याची पद्धत अमेरिकन कारखान्यांत रुळली ती १९८० च्या दशकात. म्हणजे १९६९ च्या चाकावर तो थर असण्याचा प्रश्नच नाही. तरीही प्रदर्शनांत आणि लिलावांत दिसणारी असंख्य ‘पुनरुज्जीवित’ चाके ओल्या काचेसारखी चमकतात. काहींवर भट्टीत भाजलेले पावडर कोटिंग असते. ते टिकाऊ असते, यात वाद नाही. पण त्याच्या जाड थराखाली व्हॉल्व्हच्या भोकाजवळ पोलादात ठोकलेली बारीक अक्षरे आणि तारीख बुजून जातात. ज्या खुणेवरून चाक कोणत्या मापाचे आणि केव्हाचे हे कळायचे, तीच खूण जीर्णोद्धाराने पुसायची! त्याहून धीट मंडळी रॅली चाकाला सरळ क्रोमचा मुलामा देतात. फोर्डच्या काही गाड्यांना ‘मॅग्नम ५००’ नावाची चाके खुद्द कारखान्यातून क्रोमसह मिळत; तेथे क्रोम हाच मूळ पाठ आहे. १९६९ च्या कॅमेरोच्या रॅली चाकावर तो प्रक्षेप आहे.

‘पण दिसते तर अधिक सुंदर ना?’ हा युक्तिवाद आम्हांला फार जुना आणि परिचित वाटतो. ओवी अडखळते म्हणून मात्रा दुरुस्त करणारा लेखनिक हेच म्हणत असणार. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक यांनी तर वास्तूला पूर्वी कधीही नसेल अशा पूर्णावस्थेला नेणे हेही जीर्णोद्धारात बसवले, आणि इंग्लंडात रस्किन यांनी १८४९ सालीच अशा उद्धाराला विध्वंस ठरवले. आम्ही या बाबतीत रस्किन यांच्या बाजूचे आहोत. सौंदर्याशी आमचे वैर नाही. आमचे वैर आहे ते सौंदर्याच्या नावाने घडणाऱ्या खोट्या साक्षीशी. ती मंद चंदेरी तबकडी एक गोष्ट सांगते : ही स्वस्त गाडी होती, तिच्यावर खर्च इंजिनाचा झाला, चाकावर हात आखडता होता. चाक आरशासारखे केले की ही गोष्ट बंद पडते आणि श्रीमंताच्या दिवाणखान्यातली दुसरीच गोष्ट सुरू होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा झेडएल-१ या कॅमेरोत सापडतो. १९६९ मध्ये अशा केवळ ६९ गाड्या निघाल्या. अॅल्युमिनियमच्या त्या इंजिनासाठीच चार हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत, आणि एवढ्या महाग गाडीखाली ठरलेली चाके कोणती? साधी पोलादी, वर छोटी टोपणे. त्या टोपणांना रसिक लोक ‘कुत्र्याची थाळी’ म्हणतात. आज संग्राहक जिच्यासाठी जीव टाकतात त्या गाडीचे मूळ चाक हे असे दरिद्री आहे. त्या दारिद्र्यात जो अर्थ आहे तो क्रोममध्ये सापडायचा नाही.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार घेतला पाहिजे, कारण शुद्धतावाद्यांनीही हा प्रश्न सोपा करून टाकला आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीने, गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी ती आहे का, ही कसोटी रूढ केली. कसोटी योग्यच आहे. चकचकीत करण्याच्या स्पर्धेपेक्षा शतपटीने योग्य. पण ‘जशी निघाली तशी’ म्हणजे नेमकी कशी? १९६९ ची कॅमेरो ओहायोतल्या नॉरवूडला जुळवली जात होती आणि कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नायसलाही. लाखोंनी निघणाऱ्या चाकांवर फवारणारे हात अनेक, पाळ्या अनेक. अनेक जुन्या चाकांची मागची बाजू काळपट असते आणि झरोक्यांतून उडालेल्या चंदेरी रंगाचे तुषार तिच्यावर वेडेवाकडे पसरलेले असतात. दोन चाकांवरचे तुषार सारखे नसतात. मग आदर्श प्रत कोणती?

भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले; त्या परंपरेत वाढलेल्यांना एक तत्त्व ठाऊक असते : दोन पाठांपैकी जो अधिक अवघड, जो लेखनिक स्वतःहून घालणार नाही, तो मूळ असण्याचा संभव जास्त. उडालेले तुषार हा असा अवघड पाठ होता. कोणता कारागीर मुद्दाम गबाळे काम करील? उत्तर असे की परीक्षक गुण देऊ लागले तर अवश्य करील. आज मागच्या बाजूचे तुषार नेमून फवारले जातात, कारखान्यातल्या तपासनिसाच्या खडूच्या खुणा पुन्हा काढल्या जातात, ओघळही बेतून सोडले जातात. अवघड पाठ ओळखण्याची युक्ती लेखनिकाला कळली की ती युक्ती निकामी होते. पहिल्या पक्षाने कामगाराचा हात पुसला. दुसऱ्याने त्याची नक्कल करून त्यावर बक्षीस घेतले. आम्हांला दुसरा अपराध अधिक गंभीर वाटतो, कारण तो पुराव्याच्या वेषात येतो.

गंजाची आरती ओवाळणाऱ्यांतले आम्ही नव्हे. चाक सडून कमकुवत झाले असेल तर ते बदलावे, त्यावर माणसे बसून जाणार आहेत. परंतु जेथे मूळ रंग शिल्लक आहे, मग तो फिका का असेना, तेथे त्याला हात लावू नये. आणि जेथे लावावाच लागतो तेथे तसे लिहून ठेवावे. आपल्याकडे पोथी उतरवून झाली की शेवटी लेखनिक पुष्पिका लिहीत असे : प्रत कोणी केली, कोणत्या शकात केली. तसेच एखादे वाक्य चाकाच्या मागच्या बाजूस, टायर चढवण्याआधी, पुसले जाणार नाही अशा शाईने लिहायला किती वेळ लागतो? रंग कोणता वापरला, कोणत्या वर्षी, कोणाच्या हाताने, आणि खाली आधीचे काय सापडले. परीक्षकांनी तुषारांना देऊ केलेले गुण काढून घ्यावेत आणि ते या चार ओळींना द्यावेत.