वजन कुणासाठी उचलायचं?

तुर्भे स्टोअर भागात आमच्या किशोरी गटाची खोली आहे. तिच्या बाहेरच्या भिंतीवर खडूच्या खुणा आहेत. मुलगी भिंतीला बाजू लावून उभी राहते, टाचा न उचलता हात जाईल तितका वर नेते आणि बोटांना लावलेल्या खडूचा ठसा उमटवते. मग जागेवरूनच उडी मारून दुसरा ठसा. दोन ठशांमधलं अंतर म्हणजे तिची उभी उडी. शिवणाच्या टेपने मोजायची.

गेल्या वर्षी व्हॉलीबॉल खेळणाऱ्या चौदा मुलींच्या उड्या आम्ही अशा मोजल्या. आकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. बहुतेक मुली उडी मारताना हात मागे नेऊन झोकतच नव्हत्या. एक हात वर, दुसऱ्या हाताने टी-शर्टचं टोक खाली ओढून धरलेलं, खांदे छाती लपवायला पुढे वाकलेले. उडीच्या उंचीतला साधारण दहावा हिस्सा, कित्येकदा जास्तच, हातांच्या झोक्यातून येतो. तो या मुलींनी जमीन सोडण्याआधीच सोडून दिला होता.

उरलेली उंची पायांच्या आणि कमरेच्या बळावर. उडी म्हणजे आपलंच वजन क्षणार्धात जमिनीपासून वेगाने वर ढकलणं. त्यासाठी मांड्या, नितंब, पोटऱ्या यांत ताकद हवी आणि ती झटक्यात वापरता यायला हवी. नुसत्या उड्या मारून ती एका मर्यादेपर्यंतच वाढते. पुढे बैठका, वजन घेऊन बैठका, पायरीवर चढउतार असा व्यायाम लागतो. हे आमच्या मुलींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याच बरोबरीच्या मुलांना मात्र सांगितलं होतं.

मुली खेळतात त्या ठिकाणी एका खोलीत दोन बार आणि थोडी वजनं आहेत. मुलं खेळाआधी तिथे जातात. मुलींना मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगतात. मी प्रशिक्षकांना विचारलं. माणूस वाईट नव्हता, मुलींना खेळायला आणतो हेच खूप. तो म्हणाला, "मॅडम, उद्या काही झालं तर आईबाप मला धरतील." हे 'काही' म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही, पण आयांच्या बैठकीत ते उलगडलं. पिशवी खाली सरकेल. पाळी बिघडेल. उंची खुंटेल. दंड पुरुषासारखे होतील, मग स्थळं कुठून आणायची?

या भीतीची टिंगल करून चालणार नाही. म्हणून एकेक मुद्दा आम्ही बोललो. उंची खुंटते हा समज जुना आहे. नीट शिकवलेला आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेला ताकदीचा व्यायाम वाढत्या वयातल्या मुलामुलींना सुरक्षित आणि उपयोगी आहे, असं अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी २०१४ साली एकत्र येऊन निवेदन काढून सांगितलं आहे. दंड पुरुषासारखे होत नाहीत, कारण स्नायू तसे फुगवणारं संप्रेरक मुलींच्या शरीरात फार थोडं असतं. पाळी बिघडते ती बहुतेक वेळा भरपूर खेळून पुरेसं न खाल्ल्याने. आणि पिशवी? ज्यांची पिशवी खाली आलेली मी पाहिली आहे, त्यातली एकही बाई व्यायामशाळेत गेलेली नव्हती. लहान वयातली, लागोपाठची बाळंतपणं, आणि बाळ महिन्याचं व्हायच्या आत डोक्यावर हंडा. हे बोलल्यावर बैठकीत जरा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग एक बाई म्हणाली, "पाण्याचा कॅन तर माझी पोर तिसरीपासून उचलते."

वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो. कडेवर धाकटा भाऊ दहा-बारा किलोचा. घरासाठी उचललेल्या या वजनाने पिशवी सरकेल असं कुणाला वाटत नाही. तेच वजन ती स्वतःच्या उडीसाठी उचलायला गेली की तिचं शरीर एकदम नाजूक होतं. मला या सगळ्या प्रकरणात खुपतं ते हेच.

यावर आपल्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात, मग झालंच की, आपल्या मुली कामानेच काटक असतात, वेगळा व्यायाम कशाला? मीराबाई चानूने टोकियोत रौप्यपदक मिळवलं तेव्हा लहानपणी ती सरपणाच्या जड मोळ्या कशा उचलायची ते सगळीकडे छापून आलं. मला ती गोष्ट तशी सांगितलेली आवडत नाही. कष्ट म्हणजे सराव नव्हे. सरावात वजन हळूहळू वाढवतात, पाठ आणि गुडघे कसे ठेवायचे ते शिकवतात, मधे एक-दोन दिवस विश्रांती देतात, वर खायला घालतात. पाणी भरण्यात यातलं काहीच नसतं. तोच कॅन, तीच एक बाजू, रोज, उपाशीपोटी. त्याने पाठ दुखते, उडी वाढत नाही.

उडीपेक्षाही मोठा प्रश्न खाली उतरण्याचा आहे. वयात येताना मुलांच्या पायांतलं बळ बरंचसं आपोआप वाढतं. मुलींची उंची आणि वजन वाढतं, पण त्या मानाने बळ आपोआप वाढत नाही. उडीवरून उतरताना त्यांचे गुडघे आत वळतात. गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, ज्याला खेळाडू एसीएल म्हणतात, तो तुटण्याचं प्रमाण बास्केटबॉल, फुटबॉलसारख्या खेळांत मुलींमध्ये मुलांच्या कितीतरी जास्त आहे. हे टाळता येतं. अमेरिकेत हेवेट आणि सहकाऱ्यांनी शाळकरी व्हॉलीबॉलपटू मुलींना सहा आठवडे उड्यांचं आणि उतरण्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण दिलं, सोबत वजनांचा व्यायाम. त्यांची उभी उडी सुमारे दहा टक्क्यांनी वाढली आणि उतरतानाचा आघात बावीस टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास १९९६ सालचा आहे. तीस वर्षं झाली.

आमच्या गटातली एक सोळा वर्षांची मुलगी ब्लॉक करायला उडाली आणि उतरताना तिचा गुडघा गेला. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून घरच्यांनी मालिशवाला गाठला. आता ती चालते, पण खेळत नाही. खेळ सुटला तसं संध्याकाळी घराबाहेर पडायचं कारणही सुटलं, आणि दिवाळीनंतर तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. मुलींच्या गुडघ्याची किंमत अशी लागते. तिला बैठका मारायला शिकवलं असतं तर गुडघा नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही. पण शिकवलं नव्हतं, एवढं खरं.

तिच्यानंतर आम्ही खोलीतच सुरुवात केली. एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने पहिले चार रविवार दिले. आधी खांद्यावर झाडूची काठी घेऊन नुसत्या बैठका, पाठ सरळ, गुडघे पावलांच्या रेषेत. ते जमल्यावर वाळूची पिशवी, पाच किलोची, मग आठ. एकमेकींचे घोटे धरून, गुडघ्यांवर बसून, शरीर सावकाश पुढे झुकवायचं, म्हणजे मांडीच्या मागच्या बाजूला बळ येतं. शेवटी मोजक्या उड्या, आणि त्याही आवाज न करता उतरायच्या. धप्प आवाज आला की पुन्हा. आठवड्यातून दोनच दिवस. आणि खेळताना घालायची घट्ट आतली बॉडी, जिच्यावर आम्ही गटाच्या शिलकीतून खर्च केला. हिशेब मांडताना दोन भुवया उंचावल्या. पण ती घातल्यावर हात आपसूक मागे जायला लागले, हे सगळ्यांनीच पाहिलं.

तीन महिन्यांनी बहुतेकींच्या खुणा वर सरकल्या होत्या, कुणाची दोन सेंटिमीटर, कुणाची पाच. तिघींची तसूभरही नाही. त्यांना पालिकेच्या दवाखान्यात नेलं तर तिघींच्याही अंगात रक्त कमी. देशात पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्क्यांना रक्तक्षय आहे, त्याच वयाच्या मुलांमध्ये ३१ टक्क्यांना. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले हे आकडे. आठवड्याची लोहाची निळी गोळी मिळते, पण 'गोळीने मळमळतं' म्हणून ती दप्तरातच राहते. आता बैठकांच्या दिवशी गोळी जेवणानंतर सगळ्यांसमोर घ्यायची असा नियम मुलींनीच केला आहे.

भिंतीवरची ही कसोटी हार्वर्डच्या डडली सार्जंट या व्यायामशिक्षकाने १९२१ साली मांडली. लेखाच्या मथळ्यातच ती 'पुरुषाची शारीरिक कसोटी' होती. खेळांमुळे मुली पुरुषी होताहेत का, या प्रश्नावरही याच गृहस्थांनी १९१२ साली एका महिला मासिकात लेख लिहिला होता. ऑलिंपिकमध्ये पुरुषांनी वजनं उचलली १८९६ साली, बायकांना परवानगी मिळाली २०००मध्ये, आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक आणलं. आमच्या आया काही जगावेगळं बोलत नाहीत.

तुर्भ्याहून नेरूळ दोन स्टेशनांवर. २ नोव्हेंबर २०२५ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमच्या वस्तीत फटाके फुटले, बाप लेकींना खांद्यावर घेऊन नाचले. दुसऱ्या दिवशी वजनांच्या खोलीला मुलींसाठी कुलूप होतंच.

आणि आपण? स्त्रीच्या शरीराबद्दल आपण पस्तीस-चाळीस वर्षं बोलत आलो. मारहाण, बलात्कार, गर्भलिंगचाचणी, गर्भाशयं काढण्याचा धंदा. ते बोलायलाच हवं होतं. पण माझ्या दहा-बारा वर्षांच्या कामात किशोरींसाठी मी घेतलेली प्रत्येक 'शरीरसाक्षरता' पाळी आणि गर्भारपण यांपाशीच संपली. एम.एस.डब्ल्यू.ला असतानाही मांडीचा स्नायू अभ्यासात कधी आला नव्हता. मुलीच्या शरीरावर काय काय गुदरतं हे मला पाठ होतं. ते काय करू शकतं, हे मला त्या भिंतीजवळ उभं राहून शिकावं लागलं.

आठवड्यातून दोन संध्याकाळी ती वजनांची खोली फक्त मुलींसाठी उघडी ठेवावी आणि शिकवायला बाई असावी, असा अर्ज आम्ही ऑगस्टमध्ये दिला आहे. त्यावर चौदा मुलींच्या आणि अकरा आयांच्या सह्या आहेत. उरलेल्या तीन आयांशी बोलणं चालू आहे. त्यातली एक परवा खोलीवर आली, लेकीची खूण कुठली ते विचारलं, चप्पल काढून भिंतीला हात लावून पाहिला आणि "बघते" म्हणून गेली. अशा खोल्या कुणाच्या भागात मुलींना मिळाल्या असतील तर त्या कशा मिळवल्या, बाई-प्रशिक्षक कुठून आणली, हे मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.