परिचारिकेच्या अर्ध्या तासाचे मोल

डॉक्टर ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात तो मेंदूचा पक्षाघात बळावत जाणारा रोग नाही. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या कोवळ्या वयात मेंदूला झालेल्या इजेची ती आयुष्यभराची खूण आहे. मुदतीपूर्वीचा जन्म, प्रसूतीच्या वेळी गुदमरणे, वेळेवर उपचार न झालेली तीव्र कावीळ, मेंदूचा जंतुसंसर्ग ही तिची परिचित कारणे. जगभरच्या पाहण्यांत दर हजार जन्मांमागे दोन ते तीन बालकांत ही अवस्था आढळत आली आहे. ही इजा वाढत नाही, तशी भरूनही येत नाही. तिचे परिणाम मात्र काळजीनुसार बदलतात. काळजी मिळाली तर मूल बसू लागते, हाताने खाऊ लागते, शाळेतही जाते. ती मिळाली नाही तर स्नायू आखडतात, खुब्याचा सांधा निखळतो आणि मूल अंथरुणाला खिळते. ही काळजी रुग्णालयात नव्हे, घरात आणि रोज घ्यावी लागते. ती आईबापांना शिकवायची कोणी, हा खरा प्रश्न आहे.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरांच्या वाट्याला एका रुग्णासाठी मोजकीच मिनिटे येतात. निदान एका वाक्यात सांगितले जाते आणि पुढच्या रुग्णाला हाक जाते. दाराबाहेर आलेल्या आईच्या मनात मग एकच प्रश्न उरतो : माझे काय चुकले? त्याचे उत्तर द्यायला शास्त्र हजर नसते, पण गाव हजर असते. कोणी ग्रहण पाळले नाही म्हणतो, कोणी राहिलेला नवस काढतो, तर कोणी मेंदू सुधारण्याचे हमखास औषध विकतो. हातावर पोट असलेले कुटुंब या फेऱ्यात कर्जबाजारी होते आणि उपचाराला सर्वांत अनुकूल असलेली पहिली दोन-तीन वर्षे निघून जातात.

याच ठिकाणी परिचारिकेचे काम सुरू झाले पाहिजे. ती पहिल्यांदा सांगते, 'बाई, यात तुमचा दोष नाही.' हे वाक्य औषधाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते वडिलांच्या व सासूच्या देखत उच्चारले जाणे त्याहून महत्त्वाचे. मग ती हाताने दाखवते : मुलाला निजवून, मान मागे टाकून भरवू नका, घास श्वासनलिकेत जाईल, टेकून बसवा, मान किंचित पुढे असू द्या, घास छोटा आणि घट्टसर ठेवा. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील तर कडेवर घेताना ते फाकवून कंबरेच्या दोन बाजूंना ठेवा. दिवसभर झोळीत ठेवू नका. भिंतीच्या कोपऱ्याचा आधार देऊन बसवा. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, आणि चालू असलेले औषध मनाने थांबवू नका. यांतील एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो अर्धा तास, आणि तोही पुनःपुन्हा. कारण धास्तावलेल्या मनाला एकदा सांगितलेले उमगत नाही.

१९७२ साली मुंबईत कुलाब्याला मिठू अलूर यांनी अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. त्यांची स्वतःची मुलगी मालिनी हिला हीच अवस्था होती. पुढे मालिनीने दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि आत्मचरित्र लिहिले. या मायलेकींची जिद्द वंदनीय आहे. परंतु त्यांना परदेशातले ज्ञान गाठता आले, ते मेळघाटातल्या किंवा ऊसतोडीच्या फडावरच्या आईने कसे गाठावे? तिच्यापर्यंत ते ज्ञान सार्वजनिक आरोग्यसेवेनेच नेले पाहिजे.

कागदावर व्यवस्था नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची तरतूद त्यात आहे आणि पुढील उपचारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. नवजात बाळाच्या घरी पहिल्या बेचाळीस दिवसांत आशा कार्यकर्ती अनेकदा जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या मुलांच्या शिक्षणाचा हक्क मान्य केला आहे. तुटतो तो या साऱ्यांना जोडणारा दुवा. अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या बाळाची मूठ चार महिन्यांनीही घट्ट मिटलेली आहे, मान धरत नाही, हे कोणी पाहायचे? आणि दिसले तर त्याला कोठे पाठवायचे?

हा दुवा परिचारिका होऊ शकते, पण तिची अवस्था काय आहे? इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असावी हा परिचर्या परिषदेचा दंडक कितीशा वॉर्डांत पाळला जातो? कंत्राटी नेमणुका वाढत चालल्या आहेत. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातील परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीला विरोध ही त्यांची प्रमुख मागणी होती. नोकरीचीच शाश्वती नसलेल्या बाईने दुसऱ्या बाईला धीर द्यावा, अशी अपेक्षा शासन कोणत्या तोंडाने करते?

येथे एका धोक्याचीही दखल घेतली पाहिजे. 'पालकांचे शिक्षण' या गोंडस नावाखाली सरकार आपली जबाबदारी आईच्या पदरात टाकून मोकळे होऊ शकते. आईला व्यायाम शिकवला म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद रिकामे ठेवणे, घरीच सांभाळा म्हणून शाळेचे दार बंद ठेवणे, ही शिकवण नव्हे, फसवणूक आहे. रोजंदारी बुडवून मुलाची शुश्रूषा करणारी आई आधीच विनावेतन राबते आहे. बाप त्या अर्ध्या तासाला हजर राहिला पाहिजे, ही अटही म्हणूनच गौण नाही.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शीघ्र हस्तक्षेप केंद्रात या कामासाठी प्रशिक्षित परिचारिकेचे कायम पद असावे. पालकांना दिलेला वेळ तिच्या कामाच्या तासांत धरला जावा. अतिदक्षता विभागातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाची नोंद उपकेंद्रापर्यंत पोहोचावी. तपासणीला येणाऱ्या आईबापांना प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळावी. इंजेक्शन दिले की त्याची नोंद होते. आईला घास भरवायला शिकवले तर तिची नोंद होत नाही. ज्या कामाची नोंद नाही त्यासाठी माणूस नेमला जात नाही आणि पैसाही मंजूर होत नाही. परिचारिकेचा तो अर्धा तास शासनाच्या हिशेबाच्या वहीत आला पाहिजे. तो तिचा उपकार नाही. तो त्या मुलाचा हक्क आहे.